गोंदिया लिहिलेल्या चाळीस शाली

माझं एका माणसाशी भांडण आहे आणि ते मिटावं अशी माझी इच्छा नाही. दिवाळी अंकासाठी फोन आला, "काकू, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या," तेव्हा मी आधी हेच विचारलं, की भांडणाचं लिहिलं तर छापाल का. पलीकडून उत्तर आलं, छापू, पण धंदा काय आहे तेही वाचकाला कळू द्या. म्हणजे त्यांनीही घासाघीस केलीच. ठीक आहे. आधी धंदा सांगते, मग भांडण.

मी गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला राहते आणि लोकरीच्या शालींवर फुलकारी भरून विकते. फुलकारी हे पंजाबातल्या बायकांचं भरतकाम. तिकडे ते जाड खादीवर, ओढण्यांवर करतात, लग्नात मुलीला देतात. मी ते थंडीच्या शालींवर करते, कारण आमच्याकडे ओढणी कोणी विकत घेत नाही आणि थंडी मात्र हाडात शिरते. नागपूरचे लोक आम्हाला उन्हाळ्याचे लोक समजतात. त्यांनी पौषात पहाटे दरेकसाच्या स्टेशनवर उतरून बघावं, मग शालीचा भाव विचारावा.

माझे वडील इटियाडोहच्या कालव्याच्या पाण्यावर दुसऱ्याचं शेत करत. नववीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन फुलचूरला आले तेव्हा मला शिवण येत होतं आणि भांडता येत होतं. दोन्ही उपयोगी पडलं.

ही कला मला शिकवली ती बीजींनी. ट्रकचा धंदा असलेल्या एका पंजाबी घरातल्या त्या सर्वांत मोठ्या बाई. मी त्यांच्याकडे साड्यांना फॉल लावून द्यायला जायची. त्या बाजेवर बसून काहीतरी भरत असायच्या. एक दिवस त्यांना सुईत धागा ओवता येईना. मी ओवून दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रोज धागा ही डालेगी क्या? बैठ, सीख ले. मेरी बहुओं को फुरसत नहीं है, और मेरी आँख अब दो साल की मेहमान है." लोक मला आजही विचारतात, तू मराठी, हे काम पंजाबी, तुला हक्क काय. माझा हक्क हा असा आहे. ज्यांचं होतं त्यांनी हाताला धरून बसवलं. मी मागायला गेले नव्हते.

पहिल्या दिवशी मी सुई वरून खुपसली. बीजींनी हातावर फटका मारला. "उल्टी तरफ से, पुत्तर. उल्टी तरफ से." फुलकारी कापडाच्या मागच्या बाजूने भरतात. भरणाऱ्या बाईला पुढे काय उमलतंय ते दिसत नाही. कापडावर पेन्सिलीने काही काढायचं नाही, छापायचं नाही. ताणे-बाणे, म्हणजे उभे-आडवे धागे, मोजायचे. मागून एकच धागा उचलायचा, पुढे पाच-सहा धाग्यांवर लांब टाका सोडायचा. रफूचा टाका असतो ना, त्याचाच हा नटलेला भाऊ. रेशीम बिनपिळाचं, त्यामुळे चमकतं. एकाच रंगाचा धागा उभा भरला तर एक छटा दिसते, आडवा भरला तर दुसरी. गिऱ्हाईक म्हणतं, दोन रंग वापरलेत. मी म्हणते, हो, आणि एकाचेच पैसे घेते.

शिकायला मला दीड वर्ष लागलं. माझ्याकडे भरायला येणाऱ्या बायका माझ्याहून लवकर शिकल्या आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. त्या रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बायका. धानाची रोवणी करताना बाई वाकून मागे मागे सरकते, हातानेच अंतर मोजते, ओळ वाकडी जात नाही. मागून काम करायचं आणि मनात मोजत राहायचं, हे त्यांना मी काय शिकवणार.

लोकर मात्र त्रास देते. खादी गुपचूप बसते, लोकर ताणली जाते, आणि धुतली की आटते. रेशीम आटत नाही. म्हणून कोरी शाल आधी कोमट पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच भरायची. हे मला बीजींनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी लोकरीवर कधी भरलंच नव्हतं. माझ्या पहिल्या मोठ्या कामात, लग्नाच्या अकरा शाली होत्या, मी न भिजवता भरल्या. पहिल्याच धुण्यात शाल आटली आणि फुलं तळलेल्या कुरोड्यांसारखी फुगून वर आली. नवरीच्या आईने अकराही शाली माझ्या अंगणात आणून ठेवल्या. मी भांडायला तयार होते आणि ती बोललीच नाही, ते अजून टोचतं. सगळ्या पुन्हा भरून दिल्या, नव्या कापडावर.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. एकच सांगते. एक निवृत्त साहेब कोणाच्या तरी सत्कारासाठी शाल घ्यायला आले. सगळी फुलं नारिंगी होती आणि एका फुलाची एक पाकळी हिरवी. बीजींच्या घरची ही रीत होती. सगळं काम बिनचूक झालं तर नजर लागते, म्हणून एक पाकळी जाणूनबुजून वेगळ्या रंगाची भरायची. साहेबांनी चष्मा पुसला.

"बाई, हा डिफेक्ट आहे. दोनशे कमी करा."

"साहेब, तो मुद्दाम केलेला आहे. नजर लागू नये म्हणून."

"शालीला कोणाची नजर लागणार?"

"तुम्ही अर्ध्या तासापासून बघताच आहात."

"ते काही सांगू नका. डिफेक्ट म्हणजे डिफेक्ट. दोनशे कमी."

"बरं. ती पाकळी उसवून नारिंगी भरून देते. त्याचे दीडशे वेगळे. शाल परवा न्या."

सत्कार त्याच संध्याकाळी होता. त्यांनी पाकळीसकट शाल नेली. पुढच्या वर्षी आणखी दोन न्यायला आले आणि दोन्ही शालींत आधी ती पाकळी शोधली. एकीत सापडेना तर मलाच विचारलं, "यात विसरलात का?"

आता भांडण.

गोंदियाच्या बाजारात एक मोठं कापडाचं दुकान आहे. मालकाला मी शेठ म्हणते, इथेही तेवढंच म्हणेन. अकरा वर्षं मी त्यांना शाली देत होते. आमची घासाघीस दर दिवाळीला दोन-दोन तास चालायची, चहा तीनदा यायचा, आणि शेवटी दोघांनाही वाटायचं की आपण जिंकलो. चांगला व्यवहार असाच असतो. प्रत्येक शालीच्या आतल्या कोपऱ्यात मी कापडाची छोटी पट्टी शिवायची. त्यावर छापलेलं असायचं: हातची फुलकारी, फुलचूर, गोंदिया.

एका पौषात माझ्या दारात गाडी थांबली. एक चांगल्या घरची बाई उतरली. हातात पिशवी, पिशवीत शाल. दाराच्या खिळ्यात अडकून एक फूल ओरबाडलं होतं. तिच्या शिंप्याने सांगितलं होतं, की फुलचूरला एक बाई रफू करते.

"मावशी, जरा जपून हं," ती म्हणाली. "ओरिजिनल अमृतसरचा पीस आहे. इकडच्या लोकांना हे काम माहीत नसतं. तुम्हाला जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी नागपूरला दाखवीन."

मी शाल घेतली आणि सवयीने उलटी केली. माझ्या शेजारी सुमित्रा भरत बसली होती. माझ्याकडच्या सहा बायकांमध्ये तिचा हात सर्वांत साफ. ती डावखुरी आहे. आम्ही धागा संपला की गाठ मारत नाही, शेपटी मागच्या दोन टाक्यांखाली सरकवून देतो. बाकी सगळ्या ती उजवीकडून डावीकडे सरकवतात, सुमित्रा डावीकडून उजवीकडे. त्या शालीवर सगळ्या शेपट्या डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या. कोपऱ्यात माझी पट्टी उसवल्याची चार भोकं होती आणि त्यावर चकचकीत नवीन पट्टी. इंग्रजीत अमृतसर.

सुमित्राने मान लांब करून बघितलं. "हे त माह्या हातचं हाय," ती म्हणाली.

ती बाई गोड हसली. लहान मूल चंद्र माझा आहे म्हणालं की हसतात तशी.

"कुठून घेतली?" मी विचारलं. तिने शेठच्या दुकानाचं नाव सांगितलं, आणि भावही सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, माझ्या बायका हा अंक वाचतील.

फूल मी सुमित्रालाच भरायला दिलं. संध्याकाळी ती बाई परत आली, बोट फिरवून बघितलं आणि समाधानाने म्हणाली, "बघा, ओरिजिनल मालाची गोष्टच वेगळी. दुरुस्ती केलेली कळतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते.

"आओ बहनजी, बैठो," शेठ म्हणाले. "चाय?"

"चहा नको. माझी पट्टी काढून अमृतसरची कोण लावतं?"

त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढं श्रेय देते. खुर्चीत मागे टेकले. "बहनजी, मैंने झूठ क्या बोला? फुलकारी अमृतसर की ही तो होती है. आता गोंदिया म्हटलं की गिऱ्हाईक म्हणते, चावल दिखाओ. गोंदिया म्हणजे तांदूळ. तांदळाच्या गावात शाल कोन घेईल?"

"तुमच्या दुकानावर पाटी आहे, त्यावर गोंदिया लिहिलंय. ते पुसा मग. अमृतसर लिहा."

नोकर हसला. शेठने त्याच्याकडे बघितलं, तो कापडं घडी करू लागला.

"आप गुस्सा बहुत जल्दी होते हो," शेठ म्हणाले. "काम की बात सुनो. पुढच्या दिवाळीले चाळीस शाली पायजे. एकाच घरचं लग्न हाय, बालाघाटचं. रेट वाढवून देतो. बस, लेबल नको."

मी दीड तास बसले. रेट त्यांनी सांगितला त्याच्या सव्वापट केला. पिवळं आणि नारिंगी रेशीम त्यांच्याकडून घेतलं. कोऱ्या शालींचे पैसे माझे, त्या आणायला माणूस मात्र त्यांनी पाठवायचा, हेही ठरवून घेतलं. ते प्रत्येक अटीच्या शेवटी म्हणत, "लेकिन लेबल नहीं." आणि मी म्हणत होते, "लेबल नाही. शब्द दिला." उठताना मला कळलं होतं मी काय करणार आहे.

घरी येऊन मी नातवाच्या गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद फाडला. फुलकारी धागे मोजून होते, म्हणजे जे चौकटीत बसतं ते शालीवर बसतं. चार दिवस लागले. शिरोरेषा किनारीच्या वेलीत मिसळवली. ग चा कणा पानाचा देठ झाला, द चं पोट एक कळी झालं, वेलांटी वेलीतच विरली. वेलीत तीनदा, सगळ्या शालीच्या कडेने: गोंदिया, गोंदिया, गोंदिया. पट्टी उसवता येते. मोजून भरलेला टाका उसवायचा तर शेजारचं फूल सैल होतं, ते उसवलं तर त्याच्या शेजारचं.

सहाही बायकांना बसवून सांगितलं. सगळ्या हसल्या. सुमित्रा हसली नाही.

"शेठनं परत केल्या त?" तिने विचारलं.

"करू दे."

"तुले करू दे म्हनता येते, काकू. आमच्या हिवाऱ्याच्या मजुरीचं काय?"

"मजुरी मी देणार. शाल विकली जावो की न जावो. शब्द."

"मजुरी त देशीन. पुढच्या साली काम कोन देईल?"

मला राग आला. मी म्हटलं, भीती वाटत असेल तर रोवणीला जा, बाराही महिने जा. तिने सुई घेतली आणि भरायला बसली. हा राग मला महाग पडला, पण ते पुढे.

पहिली शाल पूर्ण व्हायला तीन आठवडे लागले. सुमित्रानेच भरली होती. आम्ही ती सरळ केली. गोंदिया उलटं आलं होतं, आरशात दिसतं तसं. मागच्या बाजूने वाचलं तर बरोबर, पुढून वाचलं तर कोणत्या भाषेत आहे ते कळेना.

यात सुमित्राची चूक नव्हती. माझी होती, आणि फुलकारी करणाऱ्या बाईशिवाय ती दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही. आम्ही मागून भरतो, पण फूल डावीकडून बघा की उजवीकडून, फूलच राहतं. त्यामुळे आम्ही सगळं उलटं करतो हे इतक्या वर्षांत मला कधी आठवायची गरजच पडली नव्हती. अक्षराला मात्र उजवा-डावा हात असतो.

"शेठले म्हना, आरशापुढं उभं राहून विका," सुमित्रा म्हणाली. तेव्हा सगळ्या हसल्या, मीही. चौकटींचा कागद मी खिडकीच्या काचेला लावला, मागून उजेड आला तशी नक्षी दुसऱ्या कागदावर उलटी उतरवली, आणि पुन्हा सुरुवात केली. वाया गेलेली शाल धरून एकेचाळीस झाल्या. मधे आषाढ-श्रावणात रोवणी आली, बायका महिनाभर चिखलात गेल्या, परत आल्या तेव्हा बोटं इतकी भेगाळलेली की रेशीम अडकायचं. रोज खोबरेल चोळून काम केलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी चाळीस शाली तयार होत्या. त्याहून चांगलं काम आमच्या हातून झालेलं नाही.

मी आणि सुमित्रा ऑटोत घालून दुकानात घेऊन गेलो. शेठने पहिली शाल उघडली, उजेडात धरली, "वाह" म्हणाले. दुसरी उघडली. तिसरी. किनारीवर हात फिरवून म्हणाले, "ये बेल नई है. बढ़िया है." मला वाटलं, आता माल मोजून घेतील आणि बालाघाटच्या लग्नात चाळीस बायका खांद्यावर गोंदिया घेऊन मिरवतील. पण गल्ल्यावर त्यांची सून बसली होती. तिने डोकं तिरपं केलं.

"पापाजी, इसमें तो गोंदिया लिखा है."

"कहाँ?"

"सब जगह."

शेठने चष्मा चढवला आणि वेलीवरून बोट फिरवत अक्षरं लावली. चेहरा लाल झाला. "बहनजी, ये धोखा है."

"लेबल नाही," मी म्हटलं. "चाळीसही शाली बघा. एक लेबल सापडलं तर चाळीस फुकट देते."

"निकालो इसको. धागा निकालो."

"कात्री तुमच्याकडे आहे. काढा."

त्यांनी कात्री घेतली नाही. काम त्यांनाही कळत होतं, तेवढं मानते. पण शालीही घेतल्या नाहीत. म्हणाले, "अकरा साल का धंदा एक जिद के लिए खराब कर दिया. ले जाओ." मी म्हटलं, "अकरा वर्षं तुम्ही माझं नाव खराब केलं, ते कोणत्या जिद्दीसाठी?" रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. चाळीस शाली पुन्हा ऑटोत घातल्या.

परतताना फुलचूरचं वळण आलं तेव्हा सुमित्राने एका शालीची किनार मांडीवर ओढून घेतली.

"काकू, एक विचारू?"

"विचार."

"यात गोंदिया लिवलं. सुमित्रा कुठं लिवलं?"

मी म्हटलं, कायले लिहायचं, काम तर आपल्या सगळ्यांचं आहे. ती म्हणाली, "सगळ्याईचं हाय त लोक काकूची शाल काऊन म्हनते? शेठनं तुही पट्टी कापली, तुले झोंबलं. तुह्या पट्टीवर माह्यं नाव कधी होतं?"

मी फटकन उत्तर देणारी बाई आहे. त्या दिवशी मात्र मी जे करायला नको तेच केलं, आवाज चढवला. म्हटलं, शिकवलं मी, कापड माझं, धोका माझा. तिने ऑटो थांबवला आणि उतरली. मजुरी दुसऱ्या दिवशी मी पाठवली, ठरली त्यापेक्षा एक पैसा कमी नाही. तिने घेतली. कामाला आली नाही.

महिनाभराने बाजारातून जाताना बघितलं तर सुमित्रा शेठच्या दुकानात बसली होती. मशीनवर भरलेल्या शालींना गोंडे बांधत होती. एवढा साफ हात आणि गोंडे बांधत होता. शेठचा मला राग आला, तिचा आला, आणि घरी येईपर्यंत तो फिरत फिरत जिथे यायला हवा होता तिथे आला.

चाळीस शाली विकायला मला दोन हिवाळे लागले. मागची खोली बांधायला ठेवलेले पैसे मजुरीत गेले, खोली अजून झालेली नाही. आठवडी बाजारात बाज टाकून बसले. लोक नाव वाचायचे आणि विचारायचे, गोंदियात हे होते का? मी म्हणायची, तुमच्या नाकासमोर होते. पहिल्या हिवाळ्यात अकराच गेल्या. दुसऱ्या हिवाळ्यात एक म्हातारे सरदारजी आले, शाल उलटी करून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "काम असली है. और झूठ भी नहीं लिखा." त्यांनी भाव केला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण पैसे घेतले.

दुसऱ्या हिवाळ्याआधी, धानाची कापणी संपल्यावर, मी सुमित्राच्या घरी गेले. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. बस म्हणाली नाही. मी बसले.

"कामावर ये," मी म्हटलं.

"काऊन?"

"तुझ्यासारखा हात नाही म्हणून."

"हे ऑटोत सांगाचं होतं."

"तेव्हा सुचलं नाही."

ती पाखडत राहिली. "मी शेठकडं बसून खाऊन राहिली. ऊन नाही, चिखल नाही."

"रोज किती देतो?"

तिने सांगितलं. मी वीस जास्त म्हटलं. ती म्हणाली पन्नास. मी तीस म्हटलं. ती म्हणाली पन्नास, आणि माझ्या हातच्या शालीवर माझं नाव, गोंदियाच्या आधी. मी म्हटलं, तुझ्या नावात जोडाक्षर आहे, वेलीत बसणार नाही. ती म्हणाली, "तुह्या वहीत चौकटी कमी हायेत का?" मी पस्तीसवर आले, चाळीसवर आले. तिने सूप खाली ठेवलं नाही. शेठशी दीड-दीड तास बसणारी मी, पंधरा मिनिटांत पन्नासवर गेले. नावासकट. मग बाकीच्या पाचही जणींनी आपापली नावं मागितली, आणि द्यावी लागली. द्यायला हवीच होती. हे कबूल करायला मला एक वर्ष लागलं, याचाच काय तो पश्चात्ताप. शेठच्या बाबतीत काही नाही.

शेठ अजून अमृतसर विकतात, मशीनचं. मध्ये त्यांनी निरोप पाठवला होता, नाव बारीक करा, एका कोपऱ्यात करा, मग बोलू. मी उलटा निरोप पाठवला, की गोंदिया धरून नावं आता सात आहेत आणि मोठी केली आहेत.

मागच्या पौषातली गोष्ट. आठवडी बाजारात एक बाई शाल हातात घेऊन किनार वाचत होती. "सुमित्रा, गोंदिया. ही सुमित्रा कोण? कंपनी आहे का?"

"ती बघा, बाजेच्या त्या टोकाला बसली आहे," मी म्हटलं. "भाव तिलाच विचारा."

बाईने विचारला. सुमित्राने मी सांगितला असता त्याहून शंभर जास्त सांगितला. बाई म्हणाली, "अगं, काही तरी कमी कर. पंजाबचं तर नाही ना हे."

"नाही," सुमित्रा म्हणाली. "पंजाबचं पायजे असन त तिकडं शेठकडं भेटते. स्वस्त भेटते."

बाईने शाल खाली ठेवली, चार पावलं गेली, आणि परत आली. सुमित्रा एक रुपया खाली आली नाही.